दत्तोबा मेस्त्रींचं दार

जेवण अंमळ जास्त झालं आहे आणि लाइट गेली आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी जमून आल्या की आष्ट्यातला कुठलाही सुतार जे करेल तेच हणमंतानं केलं आहे. वर्कशॉपच्या मधोमध प्लायवूडचा एक अख्खा तक्ता टाकून तो त्यावर आडवा झाला आहे. पंखा सकाळपासूनच गप्प आहे. डोळे मिटले आहेत, कान मात्र अजून जागे आहेत. रस्त्यावरून भंगारवाला हाका मारत लांब चालला आहे. स्वयंपाकघरात त्याची बायको नंदा भांडी घासते आहे, म्हणजे घासते कमी आणि आदळते जास्त. भांड्यांचा काही दोष नाही. राग नवऱ्यावर आहे, आणि रागाचं कारण नवऱ्याच्या पायाशी उभं आहे.

ते कारण म्हणजे एक दार. हणमंताला झोप लागायला अजून दोन-चार मिनिटं आहेत, तेवढ्यात दाराची हकीकत सांगून होते.

हे दार दत्तोबा मेस्त्रींनी केलं. दत्तोबा म्हणजे हणमंताचे सख्खे मामा, पुढं सासरे, आणि या दोन्हींच्या वरचढ उस्ताद. एकाच माणसाला तीन नात्यांनी घाबरायचं म्हणजे काय असतं, ते हणमंताला विचारावं. मामांना जाऊन चार वर्षं झाली, तरी पटाशी उलटी ठेवली गेली की त्याची मान अजून आपोआप मागं वळते.

वर्कशॉप आणि आतली खोली यांच्यामधलं हे दार. त्यावर मोर नाही, कमळ नाही, वेलबुट्टी नाही. भोवती चौकट आणि मधे सागाची एकच फळी, सत्तावीस इंच रुंद, कुठं सांधा नाही की गाठ नाही. असली फळी आता शोधूनही सापडत नाही. इस्लामपूर-तासगावचे मेस्त्री फक्त हे दार बघायला यायचे, त्यावरून हात फिरवायचे आणि चहा पिऊन गुमान परत जायचे. सुतारांच्या जातीत याहून मोठी शाबासकी नसते.

तर दिवाळीत तानूमामीच्या, म्हणजे दत्तोबांच्या बायकोच्या, अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणंही निम्म्याच्या वर गेलं. आतल्या खोलीत, या दारासमोरच, तिची खाट आहे. भुशानं तिला खोकल्याची उबळ येते म्हणून दार दिवसभर बंद. पंधरा दिवसांपूर्वी मामीनं डावा हात उचलला आणि दाराच्या दिशेनं बोटानं हवेत एक चौकोन काढला. ‘बघ...’ एवढंच म्हणाली, पुढचं ओठात अडकलं. नंदाला काही उमगलं नाही. हणमंताला लगेच उमगलं, कारण दारात चौकोन पाडण्यावरच त्याचं पोट आहे.

दवाखाने, शाळा, कचेऱ्या यांच्या दारांत काचेसाठी झरोके पाडून द्यायचे, हे त्याचं काम. आधी फर्मा करायचा. फर्मा म्हणजे पाहिजे तो आकार कापून काढलेली एक पातळ फळी. ती दारावर आवळून बसवायची आणि तिच्या आतल्या कडेनं राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं हातयंत्र, फिरवायचा. राउटरच्या बुडाला एक पितळी कडी असते. ती फर्म्याला घासत जाते, आणि कडीतून खाली डोकावणारं बिट गरागरा फिरत खालचं लाकूड कापत जातं. फर्मा चोख असला की पन्नास दारांना पन्नास झरोके सारखेच पडतात. मामांना हे यंत्र कधीच आवडलं नाही. त्याच्या आवाजावरून त्यांनी त्याचं नाव ‘बोंबलभिक्या’ ठेवलं होतं.

नंदाचं म्हणणं साधं होतं. “माझ्या बापाची एवढी एकच वस्तू धड ऱ्हायलीया. तिला भोक पाडू नका. दुसरं दार बसवा की.” आणि दुसऱ्या दाराचं नाव काढलं की मामी मान हलवते, नाही म्हणून. दार नुसतं बिजागरीवरून उतरवायला घेतलं तरी घाबरीघुबरी होते. तिला हेच दार पाहिजे आणि यातच झरोका पाहिजे. इकडे आड, तिकडे विहीर. हणमंतानं स्वतः पंधरा दिवस काम पुढं ढकललं आहे. या फळीत बिट एकदा आरपार गेलं की देवालाही ती परत सांधता येणार नाही. तालुक्यातले मेस्त्री नावं ठेवतील, त्याचं काही नाही. पण मामा?

तरी आज सकाळी त्यानं धीर केला. दार उभंच ठेवून, खाली पाचर मारून, नेहमीसारखी टेप लावली, नेहमीसारखी पाच फुटांवर मध्याची खूण केली आणि फर्मा आवळला. राउटर उचलला, बटणावर बोट ठेवलं, आणि लाइट गेली. महिन्यातून एका गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट चार वाजेपर्यंत जाते, हे त्याला चांगलं माहीत होतं. तरी तो मनात म्हणालाच, मामा, हे काम तुमचंच.

आता भंगारवाल्याची हाक ऐकू येत नाही. भांडीही थांबली आहेत.

“उठू नगंस,” कुणीतरी म्हणतं. “पड तसाच.”

दत्तोबा मामा कामाच्या टेबलावर पाय खाली सोडून बसले आहेत. गेले तेव्हापेक्षा बरेच तरुण दिसताहेत, पण चष्मा शेवटच्या वर्षीचाच आहे, एका काडीला दोरा गुंडाळलेला. आपण मेलेल्या माणसाशी बोलतो आहोत हे हणमंताला पक्कं ठाऊक आहे. त्याचं त्याला काही वाटत नाही. त्याची अडचण वेगळीच आहे. फर्मा दारावर तसाच आवळलेला आहे आणि तो झाकायला हाताशी काही नाही.

“च्या झाला का?” मामा विचारतात.

“लाइट न्हाई,” हणमंता म्हणतो. चहाचा आणि लाइटचा काही संबंध नाही, हे त्याला बोलल्यावर कळतं.

“ते काय आवळलंयस दाराला?”

“फर्मा हाय, मामा.”

“कशाचा?”

हणमंता उठून उभा राहतो, मान खाली घालून. एकोणिसाव्या वर्षी तो या वर्कशॉपमध्ये आला तेव्हाही असाच गप्प उभा असायचा. मामा ओरडायचे नाहीत, हीच तर पंचाईत होती. ओरडणाऱ्याला निदान उलट बोलता येतं. मामा बिघडलेला तुकडा हातात घ्यायचे, उजेडाकडं धरून बघायचे आणि परत त्याच्याच हातात द्यायचे.

मामा टेबलावरून उतरतात आणि दाराजवळ जातात. फर्म्याच्या आतल्या कडेवरून बोट फिरवतात, आधी उभं, मग आडवं. टेप लागत नाही त्यांना.

“झरोका केवढा पायजे?”

“बारा बाय अठरा.”

“मग ह्यो अर्धा इंच जास्ती भरतोय. उभा बी, आडवा बी.”

“तसाच करायचा असतोय, मामा. कडी जाड, बिट बारीक. कडी फर्म्याला घासत जाती, बिट तिच्या आत फिरतंय. मधलं पाव इंच सुटतंय, चारी बाजूंनी. म्हणून फर्मा तेवढा मोठा धरायचा.”

मामा फर्म्याच्या कडेवरून परत एकदा बोट फिरवतात. वर्कशॉपमध्ये उजेड कमी होत नाही आणि वाढतही नाही.

“म्हंजे मोठं धरायचं, तवा पायजे तेवढं निघतंय.”

“व्हय.”

“संसाराचं बी तसंच हाय,” मामा म्हणतात, “पर आमाला कुणी सांगिटलं न्हाई.”

पायाखाली वाळू आहे. हणमंता खाली बघतो तर ती कृष्णेची वाळू आहे, पायाच्या बोटांतून गार लागणारी. वर्कशॉपची मागची भिंत अजून आहे, तिच्यावर करवती टांगलेल्या आहेत, पण भिंतीच्या अलीकडं नदी आली आहे. दार पाण्यावर उताणं पडलं आहे, फर्म्यासकट. पाणी वाहतं आहे आणि दार वाहत नाही. मामा धोतराचा सोगा खोचून घोट्याएवढ्या पाण्यात उभे आहेत.

“दे त्यो बोंबलभिक्या इकडं,” ते हात पुढं करतात. “फिरवून बघू दे.”

हणमंताला हसू येतं, कारण त्याला एक गोष्ट आठवते. ती त्यानं कुणालाही, नंदालाही, सांगितलेली नाही. मामांच्या शेवटच्या वर्षातली एक दुपार. घरातली सगळी मंडळी लग्नाला गेली होती आणि कामाला निघालेला हणमंता टेप विसरली म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आला. खिडकीतून बघतो तर मामा राउटर हातात धरून उभे. वायर लावलेली नाही, ती खाली लोंबकळते आहे. मामा फर्म्याच्या कडेकडेनं राउटर फिरवताहेत आणि तोंडानं ‘घुर्रर्र’ असा आवाज काढताहेत. सत्तरीचा माणूस, साऱ्या तालुक्याचा उस्ताद. हणमंता पाऊल न वाजवता मागं फिरला होता. एस.टी. स्टँडपर्यंत उगाच चालत गेला, अर्ध्या तासानं लांबूनच खोकत परत आला. तेव्हा मामा रंधा मारत होते आणि राउटर जागच्या जागी होता. त्या दिवशी त्याला मामांबद्दल जेवढी माया वाटली तेवढी आधी किंवा नंतर कधी वाटली नाही.

राउटर मामांच्या हातात आहे. वायर नाही. तरी बिट फिरतं आहे, आणि ओरडत नाही. आवाज आहे तो फक्त पाण्याचा. मामा बिट लाकडात उतरवतात आणि डावीकडं सरकू लागतात.

“असं न्हवं, मामा!”

शब्द तोंडातून निघून गेल्यावर हणमंता दचकतो. मामा थांबतात आणि चष्म्यावरून बघतात.

“आतला झरोका पाडताना घड्याळासारखं फिरवायचं,” हणमंता हळूच म्हणतो. “उलटं नेलं की हिसका देतंय. फर्मा सोडून पळतंय.”

“घड्याळासारखं.”

“व्हय. आनि एकदम खोल न्हाई. पावपाव इंच उतरवत.”

मामा दिशा बदलतात. उजवीकडं, घड्याळासारखे, पावपाव इंच. ढलप्या पाण्यावर पडतात आणि त्या मात्र वाहून जातात. सागाचा वास येतो, चाळीस वर्षांनी उघडलेल्या लाकडाचा तेलकट, गोडसर वास. हणमंता त्यांच्या खांद्याशी उभा आहे, अगदी मामा त्याच्या खांद्याशी उभे राहायचे तसा.

“बरं चाललंय का?” मामा विचारतात.

बावीस वर्षं हा प्रश्न त्यानं मामांना विचारला. रोज, वेगवेगळ्या शब्दांत, पुष्कळदा न बोलता.

“बरं चाललंय.” मग त्याला राहवत नाही. “मामा, तुमी मला एकदा बी बरं म्हटला न्हाईसा.”

“म्हटलं न्हाई?”

“एकदा बी न्हाई.”

मामा राउटर थांबवतात. खरोखरच आठवून बघतात. “मी लाकडाला म्हणत हुतो की,” ते म्हणतात. “फळीवर हात ठिवून म्हणायचो, बरं झालंय. तू बाजूलाच असायचास.”

एवढं बोलून ते कापलेला तुकडा दोन्ही हातांनी उचलतात. खाली पाणी नाही. फरशी आहे, पांढरी, फिनेलचा वास येणारी.

दोघंही आता एका दवाखान्याच्या व्हरांड्यातून चालले आहेत. मामांच्या पायांना अजून ओली वाळू आहे आणि फरशीवर तिचे ठसे उमटताहेत. दोन्ही बाजूंना दारं आहेत, संपतच नाहीत इतकी. प्रत्येक दारात बारा बाय अठराचा झरोका, प्रत्येक झरोक्यात काच. हणमंताची छाती फुगते. एकही झरोका एका केसानं वर-खाली नाही.

“ही सगळी तुझीच?”

“माझीच. पाच फुटांवर मध्य. कुठनं बी मोजा.”

मामा मोजत नाहीत. एका काचेपाशी थांबतात, आत बघतात. दुसऱ्या काचेपाशी थांबतात, आत बघतात. असं बराच वेळ चालतं. हणमंताला शाबासकीची घाई झाली आहे, पण मामांचा चेहरा बिघडलेला तुकडा उजेडाकडं धरल्यासारखा होत चालला आहे.

“ह्यातनं कोण बघतंय?” मामा विचारतात.

“डॉक्टर. नर्स. आत पेशंट कसा हाय त्ये बाहेरनं बघायला.”

“आनि आतल्यानं?”

“आतल्यानं काय?”

“आतल्यानं काय बघायचं?”

हणमंता काचेला नाक लावतो. आत खाटा आहेत. खाटांवर माणसं पडली आहेत, आणि सगळीच्या सगळी छताकडं बघताहेत. झरोका त्यांच्या पार वरून गेला आहे. त्याला वाटतं, यातलं एक तरी माणूस आपल्याकडं बघेल. तो काचेवर बोटानं टकटक करतो. पण उताणा पडलेला माणूस मान किती वळवणार.

“नियमच हाय मामा तसा,” तो म्हणतो. “उभ्या माणसाची नजर धरत्यात.”

“झोप,” मामा म्हणतात.

खाट मामीची आहे. हणमंता तिच्यावर कधी झोपला, ते त्याला कळलं नाही. उशीला बामाचा वास आहे, अंगावर तिची जुनी वाकळ आहे. उजवा हात उचलायला जातो तर उचलत नाही. त्याला भीती वाटत नाही, फक्त फार एकटं वाटतं. समोर दार आहे. ज्या दाराला त्यानं इतक्या वर्षांत हजार वेळा पॉलिश केलं असेल ते दार या बाजूनं, खालून, त्यानं कधी बघितलेलंच नाही. ते इथून फार उंच दिसतं. वरती, पाच फुटांवर, त्याचा झरोका आहे.

मामा खाटेशेजारी जमिनीवर बसतात. बसताना गुडघ्याला हात लावतात, पूर्वीसारखाच.

“काय दिसतंय?”

“पत्रा,” हणमंता म्हणतो. “वर्कशॉपचा पत्रा.”

“आनि?”

“पत्र्यावर एक पाल हाय.”

मामा हसत नाहीत. त्यांनी कापलेला तुकडा अजून मांडीवर धरला आहे आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत बसले आहेत.

“दार केलं तवा तुजी मामी म्हणाली हुती,” ते सांगू लागतात, “मधी एक झरोका ठिवा. भाकरी झाली की हितं बसून तुमचं काम बघत जाईन. मी म्हटलं, येडी का काय तू? आदी फळी बघ. असल्या फळीला भोक पाडतंय व्हय कोण?”

“मग?”

“मग काय. तिनं पुन्ना इचारलं न्हाई. गप आत गेली.” मामा चष्मा काढतात. “लोकं गावोगावची यायची दार बघाय. ही आत बसून च्या करून द्यायची त्यांना. चाळीस वरसं.”

दारापलीकडं कुणीतरी रंधा मारू लागतं. सर्र, आणि मग थोडं थांबणं, आणि परत सर्र. हणमंताला तो हात ओळखू येतो. मामा इथं बसले आहेत आणि त्यांचा रंधा तिथं चालला आहे, आणि मधे ते दार आहे. या खोलीत चाळीस वर्षं एवढंच पोचत होतं. एक बाई भाकरी थापता थापता नुसता आवाज ऐकत होती, आणि आवाजावरून नवरा आता कुठल्या फळीवर आहे, चिडला आहे का खुशीत आहे, याचा अंदाज बांधत होती. हणमंताच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि कानाच्या दिशेनं ओघळतं. डावा हात चालतो आहे, पण तो ते पुसत नाही.

“मामा, पाडू का मग?”

“मला काय इचारतोस? दार मी केलं. त्याच्याम्होरं बसली ती.”

“किती उंचीवर घेऊ, तेवढं तरी सांगा.”

मामा उठतात, दाराकडं जातात आणि त्याच्याकडं पाठ करून दारापाशी उकिडवे बसतात. त्यांच्या बंडीवर पाठीला घामाचा डाग आहे. हणमंताला त्यांचे हात दिसत नाहीत.

“मामा?”

“गप पड.”

“मामा, जाऊ नगासा एवढ्यात.”

रंध्याचा आवाज जवळ येऊ लागतो. सर्र, सर्र, अगदी कानाशी. मग तो रंधा नसतो, केरसुणी असते, आणि तिच्यामागं नंदा असते. नवरा झोपला आहे तो तक्ता सोडून आजूबाजूचं सगळं वर्कशॉप ती झाडून काढते आहे, रागारागानं, भुसा त्याच्या नाकात जाईल अशा बेतानं.

हणमंता उठून बसतो. लाइट अजून आलेली नाही. उजवा हात बधिर झाला आहे, त्याच्यावरच झोपला होता तो. गाल ओले आहेत. तो बाहीनं तोंड पुसतो तेवढ्यात केरसुणी थांबते.

“ही रेघ कवा वढलीसा?” नंदा विचारते.

“कुठली रेघ?”

नंदा बोट दाखवते. दारावर, वरच्या फर्म्याच्या पार खाली, एक तांबडी रेघ आहे. फळीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, सरळ, एका झटक्यात ओढलेली. बसलेल्या हणमंताच्या डोळ्यांसमोर येते ती. तो टेप काढतो आणि लावतो. तीस इंच. खाट अठरा इंच, वर गादी, वर उशी, आणि उशीवर टेकलेलं डोकं. त्याच्या मनात बेरीज होत असताना नंदा गुडघ्यांवर बसली आहे आणि रेघेचं टोक बघते आहे. दोन्ही टोकांना कोंबडीच्या पायासारखी तीन बारीक बोटं काढली आहेत.

“बाबा असं काढायचे,” ती म्हणते. आवाजातला सगळा राग कुठं गेला कुणास ठाऊक. “तुमी न्हाई असं काढत. तुमी बाण काढतासा.”

हणमंता बाण काढतो, हे खरं आहे. तांबडी पेन्सिल त्याच्याच खणात असते, हेही खरं आहे. झोपेत माणूस काय काय करून बसतो आणि बावीस वर्षांत उस्तादाचं काय काय हातात उतरतं, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. ज्याला जे वाटेल ते त्यानं म्हणावं. हणमंता टेप खिशात टाकतो.

“मी पाच फुटांवर पाडणार हुतो, नंदा,” तो एवढंच सांगतो. “सकाळीच पाडला असता. लाइट गेली म्हणून ऱ्हायलं.”

नंदा वरच्या फर्म्याकडं बघते. मग खालची पाचर काढून, दार अर्धवट लोटून आत, खाटेवर पडलेल्या आईकडं बघते. मग परत वर.

“आईला पत्रा दिसला असता की हो,” ती म्हणते. आणि एवढे पंधरा दिवस जिनं भांड्यांना जेरीस आणलं ती बाई पदर तोंडाशी धरून, हसते आहे का रडते आहे ते न कळू देता, भुशात बसून राहते. जराशानं उठते आणि स्वतःच्या हातानं वरच्या फर्म्याचा एक क्लॅम्प सैल करते.

“आदी ह्ये वरचं काढा,” ती म्हणते. “मी आईपाशी बसते.”

ती आत जाते. दार पुरतं लागतं. हणमंता फर्मा उतरवतो आणि भिंतीला टेकवून ठेवतो. राउटर फिरायला लाइट पाहिजे, पण नेम बघायला लाइट लागत नाही. तो भिंतीवरचं जुनं गिरमिट काढतो, फाळाला थोडं मेण लावतो, आणि रेघेच्या बरोबर मध्यावर त्याचं टोक टेकवतो. मधलं लाकूड शेवटी निघूनच जायचं आहे, इथं भोक चुकलं तरी बिघडत नाही, हे तो स्वतःला दोनदा बजावतो. मग तो फळीवर डावा तळवा ठेवतो आणि गिरमिट फिरवायला सुरुवात करतो. सागाची पिवळी सुरळी बाहेर येते, लांबते, तुटते, दुसरी येते. एक इंच जाडी काही फार नसते. पलीकडं टोक निघाल्याचं त्याला मनगटात कळतं.

तो गिरमिट काढून घेतो, भोकात फुंकर मारतो, जमिनीवर गुडघे टेकतो आणि डोळा लावतो.

पलीकडं मामीचा डोळा आहे. तिनं मान उचललेली नाही, नंदानं उशी सरकवलेली नाही. मामी नेहमीसारखी पडली आहे आणि सरळ त्याच्याकडंच बघते आहे.

“दिसतंय का, मामी?” तो दाराला तोंड लावून विचारतो.

मामीचे ओठ हलतात. चालणाऱ्या अर्ध्या तोंडात ती शब्द गोळा करते, एक सुटतो, तो परत धरते. नंदा तिच्या तोंडाशी वाकते, पण नंदानं सांगायची गरज पडत नाही. हणमंताला ते दाराच्या या बाजूला स्वच्छ ऐकू येतं.

“सरक,” मामी म्हणते. “टेबल... बघू दे.”

हणमंता बाजूला सरकतो.